आमची मारुती कधी रुसायची

वाचकहो, पार बंद पडलेली गाडी दुरुस्त करणे एकवेळ सोपे असते. पण जी गाडी सोमवारी चालू होते, मंगळवारी होत नाही, आणि मिस्त्रीच्या दारात नेली की पहिल्या किल्लीला सुरू होते, तिचे काय करायचे? आमच्या घरात हा प्रश्न दीड वर्ष मुक्कामाला होता. त्यापायी एका रात्री आमची आई जाता जाता वाचली. तुमच्याही दारात एखादी जुनी चारचाकी उभी असेल, म्हणून ती हकिगत सांगतो.

आम्ही जुन्नर तालुक्यातले. २००९ साली घरच्या कांद्याचे पैसे हातात होते, तेव्हा १९९८ सालची मारुती ८०० दुसऱ्या हातची घेतली. ही गाडी १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि २०१४ च्या जानेवारीत ती बनवणे थांबले. खेड्यापाड्यांतून अजूनही दिसते. तीन सिलिंडरचे ७९६ सी.सी.चे इंजिन, अंगाने हलकी, खर्चाला बेताची. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. चूक कोणाची होती ते पुढे येईलच.

२०१५ च्या उन्हाळ्यात तिने पहिल्यांदा दगा दिला. किल्ली फिरवली की आतून 'टक्' असा एकच आवाज, बाकी सामसूम. दहा मिनिटांनी पुन्हा फिरवावी तर झटक्यात चालू. मिस्त्रीने आधी बॅटरी बदलली. महिनाभर बरे गेले, मग पुन्हा टक्. मग त्याने सेल्फ उतरवून कार्बन बदलले. पुन्हा तेच. त्याचाही दोष कसा म्हणावा? त्याच्यासमोर गाडी कधी अडलीच नाही. अडलेली गाडी बारा किलोमीटरवर नेणार कशी? तिथे पोहोचायची ती चालू झालेली गाडी.

आणि मग २०१६ च्या आषाढातली ती रात्र. आईला दमा होता. रात्री एकच्या सुमारास तिचा श्वास अडकू लागला. पाऊस कोसळत होता. तिला उचलून गाडीत बसवली, किल्ली फिरवली आणि टक्. पुढचे दिवे मात्र लख्ख, गोठ्याची भिंत उजळून निघालेली. ढकलावी तर गाडीचे तोंड गोठ्याकडे, मागे चढ, खाली गुडघाभर चिखल, आणि ढकलणारे आम्ही नवराबायको दोघेच. मी वेड्यासारखी किल्ली फिरवत राहिलो. कुठून तरी प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला. शेवटी मंडळी धावत शेजारच्या वस्तीवर गेली आणि टोमॅटोचे क्रेट वाहणारी त्यांची पिकअप घेऊन आली. आई वाचली. अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होते, असे डॉक्टर म्हणाले. दवाखान्यातून घरी आल्यावर आई मला एवढेच म्हणाली, "त्या डबड्यात मला पुन्हा बसवू नकोस रे बाबा."

मी गाडी विकायला काढली. पण जी कधी दगा देईल त्याचा नेम नाही ती दुसऱ्याच्या गळ्यात मारायची, हे मनाला पटेना. तेव्हा मंडळीने एक गोष्ट केली. दुधाचा हिशेब ज्या कॅलेंडरवर लिहायची, त्याच्यावरच ती गाडी अडेल त्या तारखेला फुली मारू लागली, आणि आदल्या दिवशी गाडी कुठे गेली होती तेही शेजारी लिहू लागली. दोन महिन्यांत सात फुल्या झाल्या. सातही वेळा आदल्या दिवशी मी कच्च्या रस्त्याने मळ्यात गेलो होतो. डांबरी रस्त्याने नारायणगावला जाऊन आल्यावर एकही फुली नव्हती. आषाढातल्या त्या संध्याकाळीही मी बांध फुटला का ते पाहायला मळ्यातच गेलो होतो.

ते कॅलेंडर घेऊन मी आमच्याकडे ट्रॅक्टरच्या वायरिंगचे काम करणाऱ्या मुलाकडे गेलो. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "तात्या, चालू गाडी माझ्याकडे आणूच नका. ज्या दिवशी अडेल त्या दिवशी हात लावू नका, ढकलू नका, फक्त मला फोन करा." दीड वर्षात हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मलाही सुचले नव्हते. येऊनजाऊन असणारा बिघाड तो हजर असतानाच पकडावा लागतो.

दिवाळीच्या आधी फुलीचा दिवस आला. मुलगा मोटारसायकलवर आला. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. त्याने मला दिवे लावून किल्ली फिरवायला सांगितली आणि स्वतः दिव्यांकडे पाहत उभा राहिला. तुम्हीही हे करून पाहा, फुकटची परीक्षा आहे. किल्ली फिरवताच दिवे एकदम मंद झाले तर बॅटरी उतरलेली किंवा तिचे टोक खराब. दिवे लख्ख राहिले आणि नुसते टक् झाले, तर बॅटरीत दम आहे पण तो सेल्फमधून नीट वाहत नाही. टक् सुद्धा नसेल तर किल्लीचा स्विच किंवा सेल्फकडे जाणारी बारीक वायर पाहावी. आणि सेल्फ छान फिरतो पण इंजिन धरत नाही, ही तक्रार निराळी. तिथे पेट्रोल आणि प्लगची ठिणगी तपासायची, बॅटरीवर पैसे घालायचे नाहीत.

आमचे दिवे लख्खच होते. मग त्याने ट्रॅक्टरची जाड जंपर केबल काढली. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरे इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावले. "आता मारा." गाडी एका किल्लीत चालू! बंद केली, केबल काढली, पुन्हा टक्. केबल लावली, पुन्हा चालू. चार वेळा तसेच झाले. मंडळी दारात उभी राहून पाहत होती.

त्याचे कारण असे. गाडीत वीज बॅटरीतून वायरने जाते, पण परत येते ती लोखंडातून. दिव्यांची परतीची वाट गाडीच्या पत्र्यातून असते. इंजिन मात्र रबराच्या ठोकळ्यांवर बसवलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनला वेगळी जाड अर्थिंगची केबल द्यावी लागते. पुढच्या दिव्याला पाचएक अँपिअर पुरतात, सेल्फला शंभराच्या पुढे लागतात. पाटात गाळ साचला की ओलाव्यापुरते पाणी झिरपते, पण बारे धरता येत नाही, तसे. आमची केबल वरून धड दिसत होती. मुलाने टोक सोडवून वाकवले तर आतल्या बहुतेक तारा तुटलेल्या आणि राहिलेल्या हिरव्या पडलेल्या. कच्च्या रस्त्याने इंजिन हिंदकळले की त्या तारा जागा सोडत, थोडे इकडेतिकडे झाले की पुन्हा टेकत.

आणि तो जळका वास? इंजिनला अर्थ मिळाला नाही की वीज दुसरी वाट शोधते, मग क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परतते. ती बारीक केबल तापते आणि आतले प्लॅस्टिक वितळते. आषाढापासून क्लच जड लागत होता, त्याचा उलगडा तेव्हा झाला. तुमच्या गाडीला असे काही जाणवले तर किल्ली फिरवत बसू नका.

आता चुकीचे. मुलाने नाक वर करून हुंगले आणि विचारले, "तात्या, गाडी कायम इथंच असते का?" सात वर्षे ती गोठ्याला लागून असलेल्या छपराखाली उभी होती. एका बाजूला गायींचे मूत, दुसऱ्या बाजूला युरियाची पोती. शेणामुतातून निघणारा अमोनिया तांब्या-पितळेला खातो, आणि खताची भुकटी हवेतली ओल ओढून घेते. ऊन लागू नये म्हणून जिथे जपून ठेवली, तिथेच ती कुजत होती.

नवी केबल, दाबून बसवलेली टोके, आणि टोक बसते ती जागा पॉलिशपेपरने चकचकीत. बॅटरीची टोके खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडी करून वर व्हॅसलीन. हे घरी करणार असाल तर आधी निगेटिव्ह सोडायचे आणि जोडताना ते शेवटी जोडायचे. हातातली अंगठी काढून ठेवायची आणि बॅटरीजवळ बिडी-काडी न्यायची नाही, कारण तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. क्लचची केबलही बदलली. सगळा खर्च पहिल्या बॅटरीच्या निम्मासुद्धा झाला नाही. गाडी गोठ्याजवळून हलवून चिंचेखाली नेली. आता पाखरे घाण करतात, ती रोज पुसावी लागते.

आई २०२१ पर्यंत होती. महिन्याच्या तपासणीला तिला त्याच गाडीतून न्यायचो. इंजिन चालू झाल्याचा आवाज कानांनी ऐकल्याशिवाय तिने दाराला कधी हात लावला नाही.