सत्तेचाळीस दिवस

वॉर्मिन्स्टर स्टेशनाबाहेर लंडनची जुनी, लाल, दुमजली बस उभी होती आणि तिच्या कपाळावर गावाचं नाव होतं, इंबर. भाची म्हणाली, “मावशी, या गावात कुणीच राहत नाही.” तरी बस भरली होती. म्हातारे, पोरंबाळं, गळ्यात कॅमेरे अडकवलेले बसवेडे. वर्षातून एकदा, बहुधा ऑगस्टमधल्या एखाद्या शनिवारी, ही मार्ग क्रमांक २३-ए ची बस सुटते. कंडक्टरनं जुन्या पद्धतीनं तिकीट फाडून दिलं. मी ते पर्समध्ये जपून ठेवलं आहे.

विल्टशायरचा तो चुनखडीचा माळ नगरकडच्या माणसाला परका वाटत नाही. झाड कमी, आभाळ फार. रस्त्याच्या दोन्ही अंगांना पाट्या होत्या: न फुटलेले गोळे आहेत, रस्ता सोडू नका. मध्येच गवतात एखादा गंजलेला रणगाडा, नेमबाजीसाठी ठेवलेला. सॅलिसबरी प्लेन म्हणतात तो हाच. १८९७ पासून ब्रिटिश लष्करानं इथल्या जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ती खरेदी इंबरला येऊन भिडली. शेतीला दिवस वाईट होते, भाव बरा मिळत होता. शेतकऱ्यांनी जमिनी विकल्या आणि त्याच जमिनी हलक्या खंडानं कसायला घेतल्या. चर्च, पाद्र्याचं घर, चॅपेल, शाळेची खोली आणि बेल इन नावाचा गुत्ता एवढं सोडलं तर बाकी सगळं गाव हळूहळू लष्कराच्या मालकीचं झालं. चूल तीच, चुलीपुढचा माणूस तोच, मालक तेवढा बदललेला. असल्या बदलाचा आवाज होत नाही.

आवाज झाला तो १ नोव्हेंबर १९४३ ला. शाळेच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की अमेरिकन सैनिकांना युरोपात उतरण्याआधी गल्लीबोळांतल्या लढाईचा सराव करायचा आहे, त्यासाठी गाव हवं. सत्तेचाळीस दिवसांची मुदत. नाताळच्या आत सगळ्यांनी निघायचं. माणसं होती जेमतेम दीडशे.

हे मी इंबरच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये, गावाच्या माहितीफलकासमोर उभी राहून वाचत होते आणि पुढचं एक वाक्य पदराला बोरीचा काटा अडकावा तसं अडकलं. अल्बर्ट नॅश, चाळीस वर्षांहून जास्त काळ गावाचा लोहार. निघायचा हुकूम आल्यावर तो आपल्या ऐरणीवर डोकं टेकून हुंदके देत असलेला आढळला, अशी आठवण सांगतात.

भाची पुढे गेली, चहा घेऊन आली. मी तिथंच.

ऐरणीवर डोकं. लोहाराच्या घरात न वावरलेल्याला यातलं सगळं कळेलच असं नाही. आमच्या गावात लोहारआबांची भट्टी वेशीजवळ चिंचेखाली होती. शाळा सुटली की दप्तरासकट मी तिथं. भात्याची साखळी ओढायला मिळावी म्हणून आम्ही पोरं भांडायचो, आणि लोहारीणआजी न्यायाधीश. “हिचे पन्नास झाले, आता त्याला दे.” पन्नास ओढे म्हणजे आबांच्या एका फाळाला पुरेलसा जाळ. फाळ शेवटायला, कुऱ्हाडीला पाणी द्यायला, खुरप्याला धार लावायला सगळं गाव तिथं यायचं, आणि आलेला माणूस लोखंड तापेपर्यंत बसायचा. बसला की बोलायचा. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोरीला बघायला पाहुणे आले, पाटाचं पाणी कुणी फोडलं, हे सगळं त्या निखाऱ्यांभोवती यायचं. आबा मात्र बोलत नसत. त्यांचं लक्ष लोखंडाच्या रंगावर.

ऐरण बाभळीच्या ठोकळ्यात रुतवलेली होती आणि ठोकळा जमिनीत कमरेइतका पुरलेला. एकदा कंटाळून मी तिच्यावर बसायला गेले, तर आजीनं हात धरून उठवलं. “लक्ष्मी हाय ती. तिच्यावर बसत न्हाईत.” खंडेनवमीला त्या भट्टीत जाळ नसे. हातोडे, घण, सांडशी धुऊन मांडलेले, ऐरणीला हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढे नारळ. त्याच दिवशी फौजेतही शस्त्रांची पूजा होते. माझा मामा नगरला रणगाड्यांच्या पलटणीत होता. खंडेनवमीला रणगाड्याला हार घालतात हे त्यानं सांगितलं तेव्हा मला ते अगदी रास्त वाटलं होतं. आबांची ऐरण आणि मामाचा रणगाडा, दोन्ही लोखंडच.

पण सगळ्यात मोठा दिवस धाव बसवायचा. उन्हाळ्यात लाकूड सुकतं, चाकाचे पाटे आक्रसतात आणि लोखंडी धाव खुळखुळायला लागते. म्हणून मृगाच्या आधी, वैशाखाच्या उन्हात, गावातल्या गाड्यांची चाकं भट्टीपुढे येऊन पडत. आबा दोरीनं चाकाचा घेर मोजत. धाव त्याहून किंचित कमी घेराची हवी. किती कमी, ते त्यांच्या बोटांना ठाऊक. जादा तुकडा काढून, पुन्हा जोड मारून धाव जमिनीवर आडवी ठेवत आणि खालीवर गोवऱ्यांचं कडं रचत. जाळ गोल फिरत जायचा, सापासारखा. मग वाट बघायची. आबा त्या कड्याभोवती फेऱ्या मारत, एकदा सावलीतून, एकदा उन्हातून, कारण उन्हात रंग खोटा दिसतो. ते “हं” म्हणाले की चौघं चार सांडशी घेऊन धावत. लाल वर्तुळ हवेत उचललं जाई आणि जमिनीवर झोपवलेल्या चाकावर अलगद उतरे. लाकूड भप्पकन पेटे. घणाचे दोन-चार ठोके इकडे, दोन-चार तिकडे, आणि आबांची हाळी: “पाणी!” घागरी घेऊन उभ्या असलेल्या बाया एकदम पुढे होत. चर्रर्र. पांढऱ्या वाफेत माणसं दिसेनाशी होत. आणि त्या वाफेतून, मला अजून ऐकू येतो, चाकाच्या आतला आवाज यायचा. कड, कड, कड. थंड होत चाललेलं लोखंड आवळत जायचं आणि तुंब्यातून निघालेला एकेक आरा आपापल्या जागी गच्च बसायचा. आबा कान लावून ऐकत. सगळे आरे बोलले की उठत. जळकी बाभूळ, शेण आणि ओलं लोखंड यांचा तो मिसळलेला वास मला पुन्हा कुठं भेटला नाही.

याचे पैसे कुणी देत नसे. सुगीला खळ्यावर रास लागली की बलुतं. कुणाच्या किती पेंढ्या, कुणाच्या किती पायल्या, सगळं तोंडी आणि सगळं पक्कं. लोहारआबांची खरी मिळकत म्हणजे त्या गावच्या साठ-सत्तर खळ्यांवरचा त्यांचा हक्क. ऐरण बैलगाडीत घालून नेता आली असती. खळी कशी नेणार?

इंग्लंडमधल्या लोहाराला बलुतं नव्हतं, त्याला रोख मिळत असे. पण गाडीची धाव तिकडेही अशीच तापवून, अशीच पाणी ओतून आवळत. आणि शेजारच्या गावी लोहार असतोच. नॅशनं तिथं जाऊन कुणाच्या घोड्याला नाल मारायचा? चाळीस वर्षं ज्या घोड्यांच्या खुरांची खोड त्याला ठाऊक, ते घोडेही पांगले होते. घराला नुकसानभरपाई देता येते. घोड्याच्या खोडीची ओळख कुठल्या रकान्यात लिहिणार?

मामामुळे फौजेबद्दल माझ्या मनात लहानपणापासून जिव्हाळा आहे, तो आजही आहे. नगरजवळच्या के. के. रेंजचे, म्हणजे खारे-कर्जुन्याच्या रेंजचे आवाज ऐकत आम्ही वाढलो. वारा तिकडचा असला की दुपारच्या शांततेत दूर कुठंतरी धडाड व्हायचं आणि आजी म्हणायची, “आपलीच पोरं हाईत, शिकत्यात.” लाल निशाण लागलं की त्या अंगाला गुरं न्यायची नाहीत, हे आम्हाला पाढ्यांबरोबर पाठ. सैनिकाला सराव लागतो, सरावाला जमीन लागते, आणि जमीन कुणाची तरी असते. नगर, पारनेर, राहुरी या तालुक्यांतल्या गावांना भूसंपादनाची धास्ती काय असते ते मला कुणी समजावून सांगायला नको. म्हणूनच १९४३ मध्ये इंबर मागितलं गेलं याला मी चूक म्हणणार नाही. समोर हिटलर होता. पण १९४५ ला युद्ध संपलं. सहा महिन्यांत परत याल असं आपल्याला सांगितलं होतं, असं गावकरी पुढे वर्षानुवर्षं सांगत राहिले. त्यांना परत जाऊ दिलं नाही, आणि ते चूक होतं. निःसंशय चूक.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं: गाव तसंही ओसरतच होतं. खरं आहे. १८५१ मध्ये इंबरची वस्ती ४४० होती, १९३१ मध्ये १५२. डॉर्सेटमधलं टाइनहॅम, तेही त्याच डिसेंबरात, सैन्याच्या सरावासाठीच उठवलं, २२५ माणसांना घरं सोडावी लागली. तिथली शाळा तर मुलं नाहीत म्हणून १९३२ मध्येच बंद झालेली. टाइनहॅमच्या चर्चच्या दारावर जाताना लावलेली चिठ्ठी प्रसिद्ध आहे: आमची घरं नीट सांभाळा, आम्ही एक दिवस परत येऊ. १९४८ मध्ये लष्करानं ती जमीन सक्तीनं खरेदी केली. आज शाळेचं संग्रहालय आहे. लोक चिठ्ठीबद्दल बोलतात. मला मात्र त्या शाळेतल्या कोट अडकवायच्या खुंट्या जास्त बोलक्या वाटल्या. प्रत्येक खुंटीवर एका मुलाचं नाव.

तर, गाव ओसरत होतं. आमचंही ओसरलं. आधी रबरी चाकांच्या गाड्या आल्या, त्यांना आम्ही डनलॉप म्हणायचो. त्यांना धाव नसते. वैशाखातली ती चाकांची रांग दरवर्षी आखूड होत गेली. मग ट्रॅक्टर आला, फाळ बाजारातून तयार यायला लागले. लोहारआबांची पोरं पिंपरीला कारखान्यात लागली. भट्टी आधी रोज पेटायची, मग बाजाराच्या दिवशी, मग कुणी अगदीच अडून बसलं तर. असं पंधरा-वीस वर्षं चाललं. एका खंडेनवमीला आबांनी ऐरणीची नेहमीसारखी पूजा केली आणि दसरा उलटल्यावर हातोडा उचललाच नाही. कुणी विचारलं तर म्हणायचे, “आता बास.” त्यानंतरही ते बरीच वर्षं जगले. रोज सकाळी चिंचेखाली येऊन बसायचे, ऐरणीवरचा पाला हातानं झाडायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलायचे. उभ्या आयुष्यात बोलले नसतील एवढं तेव्हा बोलले. मला त्यांनी धावेच्या रंगाचं गुपित सांगितलं ते याच दिवसांत: पिकल्या जांभळाच्या आणि पळसाच्या फुलाच्या मधला रंग दिसला की उचलायचं.

ओसरणं आणि उठवणं ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. ओसरणाऱ्या गावात माणसाला “आता बास” म्हणायला मिळतं. पाला झाडायला मिळतो. गाव मरणारच होतं म्हणून आजच मारलं तर काय बिघडलं, हा हिशेब ज्यांना पटतो त्यांच्याशी माझं कधी जमणार नाही.

इंबरचे लोक गप्प बसले नाहीत. २२ जानेवारी १९६१ ला, भर थंडीत, दोन हजारांहून जास्त माणसं बंदी मोडून गावात शिरली. ऑस्टिन अंडरवुड नावाचे गृहस्थ त्यांच्या पुढे होते. चौकशी बसली, निकाल लष्कराच्या बाजूनं लागला. पदरात पडलं ते एवढंच, की चर्चची निगा राखली जाईल आणि सेंट जाइल्सच्या सणाच्या, म्हणजे १ सप्टेंबरच्या, जवळच्या शनिवारी तिथं प्रार्थना करता येईल. आता वर्षातले जास्तीत जास्त पन्नास दिवस रस्ता मोकळा असतो. लोक येतात, आजोबांचं घर कुठं होतं ते हातानं दाखवतात, आणि हात दाखवतो तिथं गवत असतं. जी घरं उभी दिसतात त्यांतली बरीचशी गावाची नव्हेतच. १९७० च्या दशकात सरावासाठी बांधलेली ती रिकामी खोकी आहेत. उत्तर आयर्लंडला जाणारे सैनिक त्यांत शिरायला शिकले. त्या खिडक्यांना चौकटी नाहीत. घरात कधी कुणी राहिलंच नाही हे भिंतीकडे पाहताच कळतं, कसं ते सांगता येत नाही.

चर्च मात्र शाबूत आहे, भोवती तारेचं कुंपण. आत मनोऱ्याखालच्या भिंतीवर सतराव्या शतकात रंगवलेलं एक कोष्टक आहे: घंटा कोणत्या क्रमानं वाजवायच्या, कोणती आधी, कोणती मागून. वाजवणाऱ्यांच्या सोयीसाठी कुणीतरी लिहून ठेवलेलं. मी त्या कोष्टकापुढे बराच वेळ उभी होते. आबांचं रंगाचं गुपित कुठल्याच भिंतीवर नाही, आत्ता इथं लिहिलं तेवढंच.

भाचीनं घड्याळ दाखवलं, परतीची बस लागली होती. चर्चच्या आवारातून जाताना पायाखाली बघत चालावं लागतं, गवत उंच असतं.

अल्बर्ट नॅश गाव सोडल्यावर काही आठवड्यांतच वारला. इंबर सोडून गेलेल्यांपैकी पुरण्यासाठी परत आणलेला तो पहिला माणूस. तो या आवारात आहे.