कळ आणि कल : पांढुर्णा-सौंसरचा फेरफटका

नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसले की काटोल, नरखेड मागे पडते आणि महाराष्ट्र संपतो. संपतो तो नकाशावर. पुढचे मोठे स्टेशन पांढुर्णा. स्टेशनाची पाटी हिंदी, कचेरीचा कारभार हिंदी, पोरांची शाळा बहुतेक हिंदी. पण फलाटावर गाठोडी सांभाळत बसलेल्या बायकांचे बोलणे कान देऊन ऐका. 'काहून वं, कुठी चालली?' ही आपलीच मराठी, फक्त नागपुरी वळणाची.

1 नोव्हेंबर 1956 ही तारीख आपल्या बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना सांगायला नको. त्याच दिवशी नागपूर आणि विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आले, आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाची पांढुर्णा आणि सौंसर ही मराठीभाषक तालुक्यांची जोडी. ऑक्टोबर 2023 मध्ये या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राजधानी भोपाळ, पण दुखणे बळावले की माणसे आजही नागपूरच गाठतात.

पांढुर्ण्याचे नाव बाहेर ऐकू येते ते गोटमारीमुळे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णेकर, दुसऱ्यावर सावरगावकर, मध्ये पात्रात रोवलेले पळसाचे झाड आणि त्यावर झेंडा. झेंडा काढेपर्यंत दोन्हीकडून दगड चालतात. पळून चाललेल्या प्रेमी जोडप्यावर नदी ओलांडताना दगडफेक झाली, ही त्यामागची आख्यायिका. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, जमले नाही. मग नदीकाठी आरोग्य शिबिरे लावायची आणि डॉक्टरांनी टाके घालायचे. मला ही प्रथा मुळीच भावत नाही. तरी त्या तंबूत उभ्या राहणाऱ्या तरुण डॉक्टरांबद्दल कुतूहल वाटले : यांना एवढ्या लोंढ्यापुढे उभे राहायला कोण आणि कसे शिकवते?

सातपुड्याचा घाट चढून वर गेले की छिंदवाडा. तिथे 2019 साली शंभर जागांचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. 1997 पासून चालत आलेली एमबीबीएसची जुनी चौकट देशभर बदलली ती याच वर्षी. साडेचार वर्षे आणि वर महिने बारा इंटर्नशिप हा हिशेब तोच, पण आतली मांडणी निराळी. पूर्वी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी शवविच्छेदनाच्या टेबलाशी आणि पुस्तकांशी बांधलेला असे, जिवंत रुग्ण पुढे दिसे. आता पहिल्या वर्षापासूनच त्याला रुग्णाजवळ नेतात. वागणूक, नीती आणि संवाद यांचे धडे सर्व वर्षांत विखुरलेले आहेत. वाईट बातमी घरच्यांना कशी सांगायची, याचाही सराव करून घ्यायचा असतो. आपल्या पिढीतल्या कित्येक डॉक्टरांना हे कोणी शिकवले नव्हते. काहींना उपजत येत होते, काहींना शेवटपर्यंत आले नाही.

2021-22 च्या सुमारास त्यात कुटुंब दत्तक योजना आली. प्रत्येक विद्यार्थ्याने खेड्यातली काही कुटुंबे घ्यायची आणि शिक्षण चालू असताना त्यांच्याकडे जात राहायचे. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला हे नवे नाही. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली. तिथली प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, गावात मुक्काम करते, घरे वाटून घेते. देशाला जे उशिरा सुचले ते वर्ध्याकडे पन्नास वर्षे चालू होते.

आता भाषेची गोष्ट. डॉक्टरकीच्या विद्यार्थ्याला पहिल्यापासून एक नियम शिकवतात : रुग्णाची मुख्य तक्रार त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायची. ऐकायला सोपे आहे. पण सौंसरची म्हातारी म्हणाली, 'पोटात कळ येते', तर ग्वाल्हेर-रीवाकडून आलेला विद्यार्थी काय लिहील? त्याच्या कानाला 'कल' म्हणजे काल किंवा उद्या! 'हातपाय गळून गेले' म्हणजे अशक्तपणा. हिंदीत 'हाथ-पैर गल गए' म्हटले तर कुजले, झडले असा अर्थ होईल. आपल्याकडे हेच उलट बाजूने घडते. चिकोडीकडचा रुग्ण कन्नडमध्ये 'संकटा आगतैती' म्हणतो, तेव्हा मराठी डॉक्टरला वाटते घरावर संकट आले. बिचाऱ्याला अस्वस्थ होत असते, कासावीस होत असते. ज्या घरात आजी कन्नड आणि सून मराठी, तिथे असले अर्थ पोरे जेवताजेवता शिकतात. वसतिगृहात ते कुठून येणार? म्हणून 2019 च्या आराखड्यात सुरुवातीच्या पायाभूत वर्गात भाषा आणि संगणक यांना मिळून 40 तास ठेवले, त्यात स्थानिक भाषाही आली. पण पांढुर्ण्याच्या बाबतीत 'स्थानिक' म्हणजे कोणती? राज्याची हिंदी की रुग्णाची मराठी?

मध्य प्रदेशाने 16 ऑक्टोबर 2022 रोजी एमबीबीएसची हिंदी पुस्तके आणली. शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन या पहिल्या वर्षाच्या विषयांची. गृहमंत्री अमित शहांच्या हस्ते भोपाळात समारंभ झाला. त्यांतल्या संज्ञा बहुतांशी इंग्रजीच, लिपी तेवढी देवनागरी. यावर बरीच थट्टा झाली. मला ती पटत नाही. खेड्यातून आलेल्या मुलाला पहिले सहा महिने तरी आधार मिळत असेल तर बिघडले काय? मात्र पुस्तकाची भाषा हा सोपा भाग. खाटेवरच्या माणसाची भाषा अवघड, आणि तिचे पुस्तक निघत नाही.

हे केवळ शब्दांचे कौतुक नव्हे. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात याच भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. बहुतेक छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातली, पांढुर्णा जिल्ह्यातलेही एक. तमिळनाडूत बनलेल्या त्या सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल 48 टक्क्यांहून अधिक निघाले. हे विष मूत्रपिंडे निकामी करते. आधी साधी सर्दी-ताप, मग उलट्या, मग लघवी बंद. अनेकांना नागपूरला हलवले. विषारी औषध कारखान्यातून आले, त्याचा दोष विद्यार्थ्याच्या माथी मारता येत नाही. परंतु हे विष नवे नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच भेसळीने 14 रुग्ण गेले आणि न्या. लेंटिन आयोग बसला. औषधशास्त्राच्या वर्गात हा धडा हवा : लहान मुलाच्या साध्या सर्दीला सिरप बहुधा लागतच नाही. आणि दुसरा धडा, 'बाळाने लघवी कधी केली?' हा प्रश्न आईला तिच्या बोलीत विचारण्याचा. एखादी आई 'पोरगं सकाळपासून मुतलं नाही' असे सांगत असेल, तर ते वाक्य ऐकणाऱ्याला समजलेच पाहिजे.

मग इथल्याच मुलांनी डॉक्टर व्हावे, हा सरळ उपाय वाटतो. गंमत अशी की सौंसरच्या मुलाला नागपूर जवळ, पण महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातल्या 85 टक्के जागा त्याच्या नाहीत. त्याला मध्य प्रदेशाच्या यादीत उभे राहावे लागते. आपल्या सीमाभागातल्या 865 गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राने वैद्यकीय प्रवेशात थोड्या जागा राखल्या आहेत. पांढुर्ण्याचा असा वाद कधी पेटला नाही, म्हणून तशी सोयही नाही.

सौंसरजवळ जाम सावळीचा निजलेला हनुमान अवश्य पाहा. अंगात येणारी, बाधा झाली म्हणून आणलेली माणसे तिथे दिसतात. नव्या डॉक्टरने दवाखान्यात हसू नये, फक्त विचारावे : आधी कुठे जाऊन आलात? उत्तर बहुधा जाम सावळीच असते.

जायचे असल्यास नागपूरहून पांढुर्ण्याला रेल्वे आणि एसटी दोन्ही सोयीचे. सौंसरची जुनी अरुंद रुळांची छोटी गाडी 2015 मध्ये बंद झाली, आता तिथे मोठी लाइन आहे. संत्र्यांचा आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहार फेब्रुवारीनंतर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र पुलाकडे फिरकू नका.