दुधनीची माळवदे आणि मृगापूर्वीची तयारी

सोलापूरहून कलबुर्गीकडे निघालेली गाडी अक्कलकोट रोड मागे टाकते, काळ्याभोर शिवारातून धावते आणि राज्याची हद्द संपण्याच्या बेतात असताना दुधनीला थांबते. मुंबई-रायचूर लोहमार्ग 1871 साली पूर्ण झाला, त्याच मार्गावरचे हे गाव. तूर, मूग आणि उडीद यांची ही जुनी पेठ. येथील अडत दुकानांत बोलणे कानडीत सुरू होते आणि मराठीत संपते. हिशेब मात्र दोन्ही भाषांत सारखाच चोख असतो.

वैशाख सरत आला की या गावातील जुन्या घरांच्या छपरांवर माणसे दिसू लागतात. ही छपरे कौलारू नव्हेत. ती माळवदे आहेत. दगडमातीच्या रुंद भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर किलचण, त्यावर कडुनिंबाचा पाला आणि सर्वांत वर मातीचा जाड थर, अशी त्यांची रचना असते. शेतातली काळी माती येथे उपयोगाची नाही, कारण ती ओलीने फुगते आणि उन्हाने भेगाळते. त्यासाठी खारवट पांढरी मातीच हवी. पाण्याचा पहिला शिडकावा झाला की ती मिटते आणि खालच्या थरात थेंब उतरू देत नाही. उन्हाळ्यात अशा घरात शिरताच डोळ्यांना आणि अंगाला जो गारवा लाभतो, तो सिमेंटच्या स्लॅबखाली पंखा लावूनही मिळत नाही.

पाऊस येथे बेताचाच पडतो. पण त्याचा जोर बहुधा सप्टेंबरात असतो आणि नेमक्या त्याच सुमारास पेठेत नवा मूग व उडीद येतो. एका रात्रीच्या गळतीने थप्पीतील वरची पोती भिजली तर व्यापाऱ्याचा हंगामाचा नफा बुरशीत जातो. म्हणून रोहिणी नक्षत्रातच सारे उरकले जाते. माळवदावरचे वाळलेले गवत मुळासकट उपटतात, कारण मूळ कुजले की त्याच्या वाटेने पाणी थेट तुळईपर्यंत पोहोचते. उंदरांची बिळे बुजवतात, पन्हळी मोकळ्या करतात, उजेडासाठी ठेवलेल्या साण्याभोवतीची कड उंच करतात. मग पांढरी माती पसरून, किंचित ओलवून धुम्मसाने ठोकतात. गोदामात पोती लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर रचली जातात.

जैन कुटुंबांत या घाईला आणखी एक कारण असते. पाऊस स्थिरावला की शेवाळ धरते, मुंग्या व कीटक बाहेर पडतात. त्यानंतर खरवडणे-खणणे म्हणजे जीवहिंसा. आषाढात चातुर्मास बसण्यापूर्वी छप्पर, अंगण आणि मोरी स्वच्छ व कोरडी करून ठेवली की शेवाळावर पाय देण्याची वेळच येत नाही.

मात्र या तयारीत एक घातक सवय दडलेली आहे. नवी माती घालणे सोपे, जुनी काढणे कष्टाचे. म्हणून बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षे केवळ भरच पडत जाते. 10 फूट लांब व 10 फूट रुंद अशा एका खणावर फूटभर माती असेल, तर तिचे वजन 4 टनांहून अधिक भरते. म्हणजे 50 किलोची किमान 80 पोती डोक्यावर! थर दोन फुटांचा झाला की 160 पोती, आणि पावसात भिजल्यावर त्याहूनही जास्त. एवढा माल कोणताही शहाणा व्यापारी जुन्या माडीवर रचणार नाही. शयनगृहाच्या छपरावर मात्र तो निर्धास्तपणे वाहिला जातो.

30 सप्टेंबर 1993 रोजी, अनंत चतुर्दशीनंतरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. सुमारे 8 हजार माणसे गेली. धक्का मोठा होताच. पण अनेकांचा जीव घेतला तो मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि पिढ्यान्पिढ्या वाढत गेलेल्या माळवदांनी. दुधनीची घरे त्याच बांधणीची आहेत.

लडाखमध्येही जुन्या घरांची छपरे सपाट आणि मातीचीच असतात. तेथे बर्फ पडला की तो वितळण्याआधी फावड्याने खाली लोटतात, कारण त्यांना भारही नको असतो आणि ओलही. दुधनीत बर्फ पडत नाही. येथे भार माणूस स्वतःच हौसेने चढवतो.

जाणते गवंडी म्हणूनच आधी एका कोपऱ्यात खणून थराची जाडी मोजतात. जेवढी माती नव्याने घालायची, निदान तेवढी जुनी आधी उतरवतात आणि तुळयांची टोके भिंतीत जेथे शिरतात तेथे टोचून वाळवी पाहतात. या कामाला दोन दिवसांची मजुरी जास्त लागते. घरमालक त्यावर थोडी घासाघीस करतात, मग हो म्हणतात. आणि मेच्या उन्हात जुनी माती घमेल्याघमेल्याने खाली येऊ लागते.