उमरग्याचा तुंबा

सोलापूर सोडून हैदराबादच्या रस्त्याला लागले की शंभर किलोमीटरच्या आतच उमरगा येते. पलीकडे थोड्याच अंतरावर कर्नाटक. १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता; त्यामुळे इथल्या मराठीत कानडी हेल आणि उर्दू शब्द सुखाने नांदतात. प्रवासी इथे चहापुरते उतरतात. मी मात्र एका सायकलच्या दुकानापाशी चांगला दोन तास रमलो.

दुकान म्हणजे पत्र्याची टपरी. मिस्त्री साठीचे. समोर एक दूधवाले आणि त्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा. बापाच्या काळ्या सायकलीला गिअर बसवावेत, असा मुलाचा हट्ट. त्याच सायकलीवर रोज पहाटे दुधाचे दोन कॅन लादले जातात.

बैलगाडीच्या चाकात ज्याला आपण तुंबा म्हणतो, तोच सायकलीचा हब. तुंबा वंगणावर फिरतो, हब छऱ्यांवर. १८६९ साली पॅरिसच्या ज्यूल सुरिरे याने सायकलीच्या छऱ्यांचे पेटंट घेतले. तेव्हापासून ही युक्ती फारशी बदललेली नाही. साध्या सायकलीच्या पुढच्या हबला ३२ तारा, मागच्याला ४०. कारण ओझे मागे.

“फ्रीव्हील छऱ्यांच्या बाहेर बसतं, बघा,” मिस्त्री म्हणाले. “एकच चक्र आहे तोवर एक्सल थोडाच उघडा राहतो. सहा चक्रं लावली की तो लांबतो, आन् वजन पडलं की तिथंच वाकतो. शिवाय ही जाड साखळी त्या सहांत मावत नाही. बारीक घातली, तर पुढच्या जाड दात्यांवर बसत नाही.”

“मग जाड एक्सल घ्या. कोन कानशीनं घासून बसवा, नाहीतर वेल्डिंग करा,” मुलगा म्हणाला.

मिस्त्रींनी एक झिजलेला कोन त्याच्या तळहातावर ठेवला. “वरची साल तेवढी कडक असते, आत मऊ. कानस लागली की साल गेली. आच लागली की कडकपणा गेला. धार लावायचं चाक मी सायकलीपासूनच केलंय, बाळा. तिथं मोडलं तर धार राहील. इथं मोडलं तर तुझा बाप हायवेवर पडंल, आन् मागून ट्रक.”

मुलगा गप्प झाला. मला आठवले ते ३० सप्टेंबर १९९३. त्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीबरोबरच, तेव्हा उमरगा तालुक्यात असलेले सास्तूरही कोसळले. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. पिढ्यान्‌पिढ्या उन्हाला पुरून उरलेले ते घरगुती बांधकाम एका धक्क्याला पुरे पडले नाही. हजारो माणसे गेली. रोज चालणारी वस्तू आणि प्रसंगाला टिकणारी वस्तू यांतले अंतर या मातीने फार महाग मोल देऊन जाणले आहे.

मिस्त्रींनी नवा एक्सल, नवे कोन आणि १८ ऐवजी २० दात्यांचे फ्रीव्हील बसवले. “चढाला जोर दहावा हिस्सा कमी लागंल, मामा. याच्या पुढचं मी करत नाही.”

येते ते करणारे कारागीर गावोगाव भेटतात. कुठे थांबायचे हे जाणणारा क्वचितच भेटतो.