नळी कशानेही आवळते

चरोद्यात माझं मोटार-पंप दुरुस्तीचं दुकान आहे. भिलाई मार्शलिंग यार्ड आणि इलेक्ट्रिक लोको शेड यांच्याभोवती वाढलेलं हे रेल्वेचं गाव. आमच्या घरात मराठी, दुकानात हिंदी आणि छत्तीसगढी. दिवसभर तारा जोडायच्या आणि जोडांवर हीट श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापली की आवळणारी नळी, चढवायची, हेच काम. कामाला लागलेला प्रत्येक नवा मुलगा विचारतो, स्लीव्ह लायटरनेही आवळते, मग हीट गन कशाला? प्रश्न रास्त आहे. नळी खरोखरच कशानेही आवळते. बघायचं असतं ते तिच्या आजूबाजूला काय काय तापतंय, ते.

ही नळी बहुधा पॉलिओलेफिनची असते. कारखान्यात ती आधी बारीक बनवतात, इलेक्ट्रॉनांचा मारा करून तिच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंफतात, मग तापवून फुगवतात आणि फुगलेली असतानाच गार करतात. पुन्हा तापली की ती मूळ मापाकडे परतते. अमेरिकेत पॉल कुक यांनी 1957 मध्ये सुरू केलेल्या रेकेम कंपनीचं या तंत्रात मोठं नाव. दोनास एक मापाची 6 मिलिमीटरची नळी 3 मिलिमीटरपर्यंत येते आणि त्यासाठी साधारण 90 ते 120 अंश सेल्सिअस पुरतात. तारेवरचं साधं पीव्हीसी मात्र 70 अंशांसाठी बनवलेलं. म्हणजे नळीला हवी असलेली उष्णता तारेला मुळातच जड जाते. ती थोडाच वेळ आणि नेमक्या जागी द्यायची, यातच सगळं कसब.

काडेपेटीची किंवा लायटरची ज्योत हजार अंशांच्या पुढे जाते. नळी एका अंगाने आवळते, दुसऱ्या अंगाने सैल राहते आणि शेजारचं पीव्हीसी फुगून चकाकायला लागतं. वर काजळी धरते ती वेगळीच. काजळी म्हणजे कार्बन, विजेला वाट करून देणारा. पंपाच्या टर्मिनल बॉक्समध्ये ओल आणि धूळ असते. तिथे असला काळा जोड मला चालत नाही. काही जण सोल्डरिंग आयर्न नळीवरून फिरवतात. त्याचं टोक साडेतीनशे अंशांच्या आसपास असतं, टेकलं की भोक पडतं. मागचा जाड भाग न टेकवता जवळून फिरवला, तर एखादी बारीक तार निभावून जाते. केस वाळवायच्या ड्रायरने पातळ नळी कशीबशी आवळेल, पण जाड नळीपुढे त्याचं काही चालत नाही.

म्हणून दुकानात हीट गनच. तारांसाठी मी तिचा खालचा टप्पा वापरतो. तोंडाला वळणदार रिफ्लेक्टर लावला की गरम हवा नळीच्या मागूनही फिरते. सुरुवात मध्यापासून, मग एकेका टोकाकडे. टोकं आधी आवळली तर हवा आत कोंडते. गन एका जागी धरायची नाही, तव्यावरची भाकरी फिरवावी तशी तार फिरवत राहायचं. नळीवर छापलेली अक्षरं आक्रसतात, सुरकुत्या जातात आणि खालचा सोल्डरचा उंचवटा ठळक दिसू लागतो. तो दिसला की गन बाजूला.

शेतावर हे सगळं बदलतं. धमध्याकडे टोमॅटोच्या मळ्यात बोअरमध्ये मोटार सोडायची होती. पाण्याखाली राहणाऱ्या जोडाला आतून गोंद असलेली जाड नळी लागते. लाइट गेलेली, त्यामुळे गनचा उपयोग नव्हता. "माचिस हे न, भैया!" शेतकऱ्याने खिशात हात घातला. मी पिशवीतून छोटी गॅस टॉर्च काढली. तिच्या तोंडाला उघड्या ज्योतीऐवजी नुसती गरम हवा सोडणारी टोपी बसते. वारा अडवायला त्याने पत्रा धरला. तिन्ही तारांचे जोड मी मागेपुढे घेतले होते, म्हणजे केबल एकाच जागी फुगत नाही. नळी आवळत गेली आणि दोन्ही टोकांतून गोंदाची बारीक, चमकदार कड चहूबाजूंनी बाहेर आली. ही कड कुठे तुटलेली नसली म्हणजे आत पाणी शिरायला जागा उरली नाही, असं मी धरतो. जोड पूर्ण गार होईपर्यंत हात लावू दिला नाही, मगच मोटार खाली सोडली.

ज्योतीशी माझं वैर नाही. 11 केव्हीच्या केबलवर काम करणारे जॉइंटर मोठ्या नळ्या गॅस टॉर्चनेच आवळतात, कारण तेवढी जाड केबल उष्णता पोटात घेते आणि लहान गनची हवा अपुरी पडते. पण तेही निळी टोकदार ज्योत टाळतात, पिवळ्या टोकाची मऊ ज्योत ठेवतात आणि ती सतत हलवत राहतात.

मुलांना मी एवढंच सांगतो. आधी तारेचं इन्सुलेशन बघा, मग जोड कुठे राहणार ते बघा, आणि जवळ पेट्रोल किंवा चार्जिंगवरची बॅटरी असेल तर ज्योत काढूच नका. हीट गन विकत घेताना हात आखडू नका. एका जळालेल्या मोटारीच्या रिवाइंडिंगपेक्षा ती स्वस्त पडते.