चतुर्दशीचा चंद्र आणि उरल्याचे आकाश

चंद्र आणि त्याखालची जमीन एकाच चित्रात टिपणे हा कमी उजेडातील छायाचित्रणाचा प्रश्न समजला जातो. वस्तुतः तो दोन विषम उजेडांचा मेळ घालण्याचा प्रश्न आहे, कारण चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला एक काळसर दगड असून, अंगावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जेमतेम १२ टक्के प्रकाश तो परत पाठवीत असला, तरी रात्रीच्या शेतापेक्षा तो लाखांच्या पटीत उजळ असतो. म्हणूनच त्याच्यासाठीचा जुना नियम उन्हातल्या छायाचित्राच्या नियमाशी जुळता आहे : ॲपर्चर, म्हणजे भिंगातून प्रकाश आत सोडणारे छिद्र, एफ-११ वर ठेवावे आणि प्रकाशग्रहणाची तीव्रता दर्शविणारा आयएसओ १०० असेल तर शटर सेकंदाच्या शंभराव्या भागापुरतेच उघडावे. या मापाने चंद्रावरचे डाग स्वच्छ उमटतात, पण जमीन डांबरासारखी काळी येते. जमिनीला पुरेसा वेळ द्यावा, तर चंद्राच्या जागी पांढरे भोक उरते.

छत्तीसगडमधील रायपूरच्या उत्तरेस असलेल्या उरला या औद्योगिक वसाहतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. (मराठी कानाला हे गावाचे नाव क्रियापदासारखे ऐकू येते, आणि नवख्या मराठी माणसाकडून त्यावर एखादी कोटी झाल्याशिवाय राहत नाही.) येथे आणि शेजारच्या सिलतरा भागात स्पंज आयर्नचे, म्हणजे कोळशाच्या साहाय्याने लोहखनिज न वितळविता त्यातील प्राणवायू काढून मिळविलेल्या सच्छिद्र लोखंडाचे कारखाने, पोलादाच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल आहेत, घरांच्या गच्च्यांवर बसणारी काळी धूळ हा येथील नित्याचा विषय आहे. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहिल्याने धूर वर न जाता खालीच पसरून राहतो आणि क्षितिजावर त्याची तपकिरी पट्टी दिसते.

या वसाहतीलगत वास्तव्य असताना प्रस्तुत लेखकाने चंद्रोदय टिपण्याचे जे प्रयत्न केले, ते आरंभी पौर्णिमेलाच केले आणि बहुतेक फसले. खारून नदीच्या बाजूने, म्हणजे वसाहतीच्या पश्चिमेकडून, पूर्वेकडे पाहिले असता चिमण्यांची रांग चंद्राच्या वाटेवर येते, ही जागा योग्यच होती. चंद्राचा दृश्य व्यास सुमारे अर्धा अंश असल्याने दोन किलोमीटरवरील चिमणीशेजारी तो १८ मीटर रुंदीच्या थाळीएवढा दिसतो, आणि लांब पल्ल्याच्या, म्हणजे टेलिफोटो भिंगातून हे प्रमाण जसेच्या तसे उतरते. चूक होती ती वेळेची. पंचांगात दिलेल्या चंद्रोदयाच्या क्षणी क्षितिजावर काहीच दिसत नसे. मग धुराच्या पट्टीतून तांब्याच्या ढब्बू नाण्यासारखा चंद्र हळूहळू वर येई, आणि तो नीट सुटा होईपर्यंत खालची जमीन बुडालेली असे.

यामागचा हिशेब साधा आहे, पण तो उमगायला लेखकाला एक अख्खा हिवाळा लागला. रायपूरच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे २१ अंश उत्तरेस, उगवता चंद्र तासाला १४ अंशांच्या आसपास वर चढतो, त्यामुळे पाच अंशांची धुराची पट्टी ओलांडायला त्याला वीसेक मिनिटे लागतात; सूर्यास्तानंतर जमिनीवर चित्रापुरता उजेड टिकतो तोही वीस-पंचवीस मिनिटेच. पौर्णिमेला चंद्रोदय आणि सूर्यास्त जवळजवळ एकाच वेळी होत असल्याने ही सगळी वेळ धूर खाऊन टाकतो. तिथी म्हणजे सूर्य आणि चंद्र यांच्यातील १२ अंशांचे अंतर. म्हणून शुद्ध चतुर्दशीला चंद्र सूर्यास्तापूर्वी पाऊण तासाच्या आसपास उगवतो आणि सूर्य मावळताना धुराच्या बराच वर आलेला असतो. त्यानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांत आकाश निळे, जमीन करडी आणि चंद्र फिकट पिवळा असा मेळ बसतो, व एकाच प्रकाशमापात तिन्ही सामावतात. मात्र दिनदर्शिकेत दिवसाला सूर्योदयाची तिथी दिलेली असते, आणि येथे उपयोगाची असते ती सूर्यास्ताची. कोजागरी मध्यरात्रीच्या पौर्णिमेवरून ठरत असल्याने त्या दिवशी संध्याकाळी कधी कधी चतुर्दशीच चालू असते. दूध आटविण्यापूर्वीचा तो अर्धा तास छायाचित्रणासाठी मोलाचा ठरतो.

पौर्णिमेपूर्वीच्या चंद्राचा हा फायदा नवा नाही. ॲन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराने न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावरचा चंद्रोदय टिपला तो १९४१ च्या शरदात, पौर्णिमेच्या काही दिवस आधी आणि सूर्य मावळण्याच्या बेतात असताना. प्रकाशमापक हाताशी न सापडल्याने त्याने चंद्राच्या ठाऊक असलेल्या तेजावरून मनातच माप काढले, असे तो सांगत असे.

उरल्यात मात्र माप बरोबर येऊनही चित्र हलते. ट्रायपॉड रस्त्यापासून दूर रोवला तरी माल भरलेल्या ट्रकची थरथर जमिनीतून पायांत चढते आणि ५०० मिलिमीटरच्या भिंगाला ती पुरते. चंद्र स्वतःही दोन मिनिटांत आपल्या व्यासाएवढा सरकत असल्याने शटर फार लांबविता येत नाही. भिंगावरची धूळ रुमालाने पुसण्याचा मोह लेखकाला एकदाच झाला. त्या धुळीतले कण कठीण असतात, आणि त्या दिवशीचे ओरखडे भिंगावर अजून आहेत. त्यानंतर रबरी फुंकणीखेरीज दुसरे साधन वापरले गेले नाही.

चंद्र चित्राबाहेर ठेवून केवळ चांदण्यात जमीन टिपणे हा याच विषयाचा दुसरा भाग, आणि लेखकाच्या मते अधिक विस्मयाचा. पूर्ण चंद्राचा उजेड उन्हाच्या सुमारे चार लाखाव्या भागाएवढा असतो, एफ-२.८, आयएसओ १६०० आणि आठ-दहा सेकंद एवढे दिले की चित्र दिवसासारखे येते. चांदण्यात रंग नसतात असे डोळा सांगतो, कारण मंद उजेडात पाहणाऱ्या त्याच्या पेशींना रंग कळत नाहीत. कॅमेऱ्याला ही अडचण नसल्याने धानाचे शेत हिरवे आणि आकाश निळे उमटते, फक्त त्या निळ्यात तारे असतात. वसाहतीच्या अगदी जवळ हे साधत नाही. सोडियमच्या दिव्यांचा प्रकाश वर्णपटाच्या अरुंद भागात एकवटलेला असल्याने त्याने पिवळे झालेले शेत नंतर रंगसंतुलन बदलूनही हिरवे होत नाही, आणि भट्टीतून वितळलेले लोखंड ओतले जाते तेव्हा खालचे ढग क्षणभर नारिंगी होऊन सगळे माप बिघडवितात.

राहता राहिली प्रतिपदेची पहाट, जी चतुर्दशीच्या संध्याकाळचेच उलटे रूप आहे : सूर्य उगवून गेल्यावरही चंद्र पश्चिमेला असतो, कारखाने पाठीशी येतात आणि समोर खारूनवरचे धुके उरते. लेखकाने ती चार वेळा गाठली. तीन वेळा धुके इतके दाट होते की चंद्र दिसला नाही, आणि चौथ्या वेळी जे एकुलते चित्र हाती लागले, त्यात रातपाळीहून सायकलींवर परतणारे दोन कामगार अनाहूतपणे आलेले आहेत.