आजीच्या अक्षरावर सुरकुत्या

दुधावरच्या सायीवर कधी हळूच फुंकर मारून पाहिलीये? साय सरकते आणि तिला बारीक सुरकुत्या पडतात. मला त्या फार आवडायच्या. पण मागे एकदा त्यांनीच मला रडवलं!

आजीच्या लोणच्यांच्या वहीचं एक पान सुटं झालं होतं. आजी आता नाही. पानावरचे ‘मीठ अंदाजाने’ हे दोन शब्द कापून, रेझिनमध्ये बसवून आईला लॉकेट द्यायचं ठरवलं. हे रेझिन मधासारखं दाट असतं. अतिनील दिव्याखाली ठेवलं, की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि ते कडक होतं. (हातमोजे घालूनच हं, आणि घरातलं कुणी मोठं जवळ हवं.) पातळ थर द्यायचे असतात, हे मला ठाऊक होतं. पण मला घाई! पांढरा रंग कालवला, साचा काठोकाठ भरला, वर तो कागद ठेवला नि दिवा लावला.

पाहते तर काय, वरची साल चुरगळलेली, कागदही तिच्याबरोबर गोळा झालेला आणि खाली सगळं पातळच!

असं का झालं? पांढऱ्या रंगाने प्रकाश वरच अडवला, म्हणून आधी फक्त साल कडक झाली. रेझिन घट्ट होताना आकसतं. खालचा भाग सावकाश आकसू लागला, पण वरची साल होती तेवढीच राहिली. लहान गादीवर मोठी चादर घातली तर काय होईल? तेच झालं. साल जितकी जाड, तितक्या सुरकुत्या रुंद. अमेरिकेत जॉर्ज व्हाइटसाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली तापवलेल्या सिलिकॉन रबरावर धातूचा अगदी पातळ थर दिला. रबर थंड होऊन आकसलं, तशा धातूवर सुबक लाटा उमटल्या.

दाताचे डॉक्टर निळ्या प्रकाशाने घट्ट होणारं सिमेंट सहसा दोन-दोन मिलिमीटरच का भरतात, तेही मला आता कळलं. आणि गंमत म्हणजे काही कारखान्यांत १७२ नॅनोमीटरच्या प्रकाशाने लाकडावरच्या रोगणाला मुद्दाम अशा सूक्ष्म सुरकुत्या पाडतात. त्यामुळे चकाकी जाते!

आईला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. त्या सुरकुत्यांवर बोट फिरवत म्हणाली, “मीठ वाचता येतंय गं.”

पानावर अजून ‘मोहरी फेसून’ एवढं शिल्लक आहे. त्याला मी कात्री लावलेली नाही. सध्या नुसत्याच साच्यात पातळ थर देऊन पाहतेय.